भागोजीबाबांच्या फॉर्मवरची खूण

मंडळी,

आपल्या सरपंच अण्णांनी मला उभं केलं, कारण म्हणे मास्तरला बोलायची सवय असते. असते. पोरांपुढं असते. आज समोर भागोजीबाबांच्या कारभारीण ठकूआई बसल्यात, सगळी धनगरवस्ती बसलीय, आणि कुठून सुरू करावं तेच मला कळत नाही. चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या खिशातच राहू देत.

भागोजीबाबांना जाऊन आज बारा दिवस झाले. छातीत कफ झाला, ताप चढला, गेले. डॉक्टर तसंच म्हणाले. मला तसं म्हणवत नाही. मग काय म्हणावं, तेही समजत नाही. तेव्हा झालं तसं सांगतो.

ओढ्यावर बंधारा होणार, वस्तीतली आठ घरं पाण्याखाली जाणार, आणि तिथं राहणाऱ्यांना वरच्या माळावर घरापुरती जागा मिळणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. कोण कोण राहतं त्याचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडं आलं. फॉर्मवर दोन चौकोन होते. माणूस कायम राहणारा, की फिरता? एकावरच खूण करायची.

सात घरं आता शेतीवर, मजुरीवर आलीत. ती कायम म्हणाली, खरंच होतं ते. मग मी बाबांच्या ओट्यावर बसलो. हा माणूस कसा होता ते तुम्ही जाणता. मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "फिरता लिव्हा मास्तर. माझ्या बापानं बी एका जागी बसून खाल्लं न्हाई."

धनगराला विचारलं, तू मेंढरामागं फिरतोस का, तर तो नाही कसा म्हणेल? मी खूण केली. चहा प्यालो. निघालो.

बरं, खोटं काय होतं त्यात? दसरा झाला की ते मेंढरं घेऊन घाट उतरायचे, पावसाच्या तोंडाला परत यायचे. पण घर इथंच होतं ना? निघताना ठकूआई चुलीत गोवऱ्या रचून ठेवायच्या, आणि परत आल्यावर पहिला जाळ त्याच चुलीत. जाणारा आणि परत येणारा, असा चौकोनच नव्हता.

फॉर्म पुण्याला गेले. तिथं एका कचेरीत नवं यंत्र आलंय. दर माणसामागं एक कार्ड, कार्डाला भोकं, आणि भोकं बघून यंत्र कार्डं वेगळी करतं. यादी आली. सात घरं होती. बाबांचं नव्हतं.

मी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. एकदा नाही, चारदा. कारकून म्हणाला, यादी यंत्रानं केलीय, आमच्या हातात काही नाही. साहेब म्हणाले, यंत्राला आपपरभाव नसतो, ते अन्याय करत नाही. आणि खरं सांगतो मंडळी, मला ते पटलं. ओळखीपाळखीनं झालेली कामं आपण सगळ्यांनी बघितलीत. वशिला न चालणारं काहीतरी आलं, बरंच झालं की! अजूनही मला ते वाईट वाटत नाही. हीच तर माझी पंचाईत आहे.

शेवटच्या खेपेला साहेबांनी यंत्र दाखवलं. खडखड खडखड कार्डं पळत होती, या खणात, त्या खणात. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, मी बी मेंढरं निवडतो. पर निवडताना तोंडाकडं बघतो. ह्ये कुणाच्या तोंडाकडं बघतंय?"

 आम्ही एस्टी धरून परत आलो.

मग या माणसानं काय करावं? मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि यंदा गेलेच नाहीत. दसऱ्यापासून घरात. रोज सकाळी शाळेच्या दारात यायचे. म्हणायचे, "हाय बरं का मी हितंच. लिवून ठेवा." मी हसायचो. लिहून ठेवत नव्हतो. लिहून पाठवणार कुणाला? जन्मभर चाललेला माणूस बसून राहिला. पाय सुजले, भाकरी जाईना. कळपाची आठवण काढून रडायचे, असं ठकूआई सांगतात. मी त्यांना 'जा' म्हणायला हवं होतं. पण जा म्हटलं असतं, तर घर हातचं गेलं असतं. काय करायला हवं होतं मी? तुम्ही सांगा. सांगा ना अण्णा.

माणसाला हक्क असतात, असं मी सातवीच्या पोरांना शिकवतो. कायद्यापुढं सगळे सारखे. अहो, यंत्रापुढंही सगळे सारखेच होते की! मग एका म्हाताऱ्याला 'माझं जरा ऐकून घ्या' म्हणायला जागा का नव्हती? हा हक्क कुठल्या पानावर असतो? पुस्तक चाळलं मी. त्यात नाही, की मलाच वाचता येत नाही, कोण जाणे. यंत्राला दोष देऊ? ते बिचारं लोखंड, त्यानं मी केलेली खूण वाचली. साहेबांना देऊ? ते यंत्राकडं बोट दाखवतात. मग उरलो मी. आणि मी तर खरं तेच लिहिलं होतं.

ठकूआईंचं घर अजून यादीत नाही, आणि पावसाळ्यात पाणी चढणार आहे. म्हणून मी अर्ज लिहिलाय. फॉर्म मी चुकीचा भरला, हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इथलंच आहे, असं त्यात लिहिलंय. साहेब विचारतील, मास्तर, तेव्हा खोटं लिहिलंत की आता?  नोकरीवर गदा येईल असं आमची मंडळी म्हणते. येऊ दे.

आता उभे राहू या. थोडा वेळ कुणी बोलू नका. आणि नंतर लगेच घराकडं वळू नका. या टेबलावर अर्ज ठेवलाय, शाईची गादी ठेवलीय. ठकूआईंना इथं राहताना ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यांनी पुढं या. सही करा, अंगठा करा. पहिली सही मी केलीय.

भागोजीबाबा, त्या दिवशी या खुणेचं पुढं काय होणार, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं. माहीत करून घेऊन मग तुमच्या ओट्यावर बसायला हवं होतं. चुकलो. राम राम.