साहेबांचा खोकला

दातांच्या दवाखान्यात हल्ली मी एकटाच जातो. त्या दिवशी मागच्या बाकावर एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ बोलत होते.

"आज ऑफिसला दांडी का?"

"घोळ झालाय, ताई. त्या समुपदेशक बाईंशी मी ऑनलाइन बोलतो ना, ती वेळ चुकून ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकली. साहेबांना वाटलं मीटिंग आहे. ते लिंकवरून आत आले."

"अरे देवा! बाईंनी येऊ दिलं?"

"त्यांना वाटलं, माझाच दुसरा फोन असेल."

"आणि तुला कळलं नाही?"

"मी रडत होतो. साहेबांचा फोन वाजला की हात थरथरतात, छातीत धडधडतं, सगळं सांगत होतो."

"त्यांचं नाव घेऊन?"

"दहा वेळा. शेवटी खोकला ऐकू आला. तो खोकला अख्खं ऑफिस ओळखतं."

"गेली रे नोकरी!"

"तेच तर कळत नाहीये. सकाळी त्यांचा मेसेज आला. 'बाईंचा नंबर पाठव. वरून फोन आला की माझेही हात थरथरतात.'"

"मग दे की पाठवून!"

"दिला गं. पण उद्या समोर आले, तर त्यांच्याकडे बघायचं कसं?"