कप्पा रिकामा होऊ द्यायचा नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या बाई, मंडळाचे चिटणीस, समोर बसलेले सर्व खेळाडू, आणि खेळाडूंच्या नादाने रविवार वाया घालवून मागच्या रांगेत बसलेली त्यांच्या घरची मंडळी,

आज अकरा जानेवारी. सकाळी उठलो, चहा केला, दुकानाचं शटर अर्धं वर करून झाडून घेतलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला बारीक ब्रश हवा होता, तो दिला. मग इस्त्रीचा शर्ट घातला आणि चालत इथे आलो. तुम्ही खुर्ची दिलीत, फुलं दिलीत. निमंत्रणावर चिटणीसांनी 'निरोप समारंभ' असं छापलं आहे. निरोप कुणाला, ते छापलेलं नाही. माझ्या पत्नीला म्हणावं, तर तिला जाऊन पाच महिने झाले. दुकानाला म्हणावं, तर त्याचं मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. तेव्हा तुम्ही काय ऐकायला जमला आहात हे मला कळतं. सांगतो. भाषणाची सवय नाही, म्हणून जरा वेळ लागेल.

प्रमुख पाहुण्यांना आमचा खेळ नवा आहे. बाई, ही मोठी माणसं बोटाएवढ्या धातूच्या शिपायांना रंग देतात, टेबलावर डोंगर-नद्या मांडतात, आणि फासे टाकून एकमेकांच्या पलटणी उडवतात. संध्याकाळी सगळे शिपाई उठून पुन्हा डब्यात जातात. लढाईचा एवढा एकच प्रकार माझ्या पत्नीला मान्य होता. ते शिपाई ती ओतायची. मागच्या खोलीत साचे, पुढच्या खोलीत लाकडी कप्प्यांचं कपाट, आणि मध्ये ती. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो. घरात सैन्य होतं, पण मी कायम नागरिकच राहिलो.

या धंद्याची रीत तुम्हा खेळाडूंना मी काय सांगावी? मोठ्या कंपन्या सहा महिने आधी चित्र दाखवतात. पैसे आधी घेतात. माल निघतो त्या दिवशी चहा निवेपर्यंत 'संपला' अशी पाटी लागते. मग तोच शिपाई कुणीतरी दुप्पट भावाने विकतो, आणि आपण तो घेतो, वर घरी किंमत निम्मी सांगतो. मागच्या रांगेतल्या मंडळींनी हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं.

पत्नीचं गणित सरळ होतं. जे कप्प्यात आहे तेच यादीत. एकदा एक तरुण आला होता. म्हणाला, "काकू, भालाईत कधी येणार ते सांगा, मी आत्ताच पैसे भरून ठेवतो."

"भालाईत झाले की येतील."

"पण मग संपले तर?"

"संपायला तो काय गॅस सिलिंडर आहे? साचा माझ्याकडे आहे, हात माझे आहेत. तू आधी मागच्या वर्षी नेलेले रंगव."

"काकू, ते थोडे राहिलेत."

"थोडे? तुझी आई सांगून गेली मला. पलंगाखाली पलटण झोपली आहे म्हणे."

पुन्हा पैसे भरायचं नाव त्याने काढलं नाही. तो इथेच आहे. हसतोय, म्हणजे अजून रंगवलेले नाहीत.

ती गेली, आणि तुम्ही सगळे भेटायला आलात. मी ते विसरणार नाही. पण एक गंमत सांगू का? तुम्ही शेजारी बसायचात, हात हातात घ्यायचात, गहिवरून बोलायचात. आणि चपला घालताना हळूच विचारायचात, "काका, ते तोफवाले आहेत का हो शिल्लक?" मी म्हणायचो, बघा आत. तुमचंही बरोबर होतं. आता हे पुन्हा निघणार नाहीत, अशी भीती होती. एकाने घेतले म्हणून दुसऱ्याने घेतले. कुणी एवढे झेंडेवाले नेले की त्याच्या सैन्यात आता लढणारं कुणी नाही, सगळे झेंडेच धरून उभे आहेत. तिने कधी होऊ दिली नाही ती टंचाई, तिच्यावरच्या मायेपोटी आपण महिन्याभरात करून दाखवली. कपाट पार रिकामं झालं.

मग एका कंपनीचा माणूस आला. अतिशय सभ्य, बूट बाहेर काढून आत आला. म्हणाला, "काका, साचे आम्हाला द्या. काकूंच्या स्मरणार्थ एकदाच काढू. क्रमांक घातलेले. खोक्यावर त्यांचा फोटो."

मी म्हटलं, "आणि मग?"

"मग साचे मोडून टाकायचे."

"मोडायचे?"

"म्हणून तर मोल येतं, काका!"

मी विचार करून सांगतो म्हटलं. मला ते सोयीचंही वाटलं होतं. मला ओतता येत नव्हतं, आणि रिकाम्या कप्प्यांसमोर दिवसभर बसवत नव्हतं.

त्याच आठवड्यात आपले अध्यक्ष दुकानात आले. ते दातांचे डॉक्टर आहेत, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतात, पण त्या दिवशी स्वतःचं उघडत नव्हतं. शेवटी त्यांनी खिशातून एक शिपाई काढून टेबलावर ठेवला. त्याच्या गळ्यात तांबडा दोरा होता.

"काका, हा चुकून माझ्याकडे आला. हा विकायचा नसतो."

"पैसे दिलेत ना?"

"दिलेत हो. पण हा कप्प्यात सगळ्यात मागे असतो. हाताला दोरा लागला की कप्पा संपत आला असं समजून काकू त्याच दिवशी धातू वितळवायचं भांडं चढवायच्या. मी मागे एकदा याला उचललं होतं, तर हातावर फटका मिळाला होता."

इतकी वर्षं संसार केला, आणि मला वाटत होतं ते कसलंतरी पदक आहे. ती गेल्यावर मी तेही विकून बसलो होतो.

पुढच्या काही दिवसांत बाकीच्या कप्प्यांतले दोरेवालेही परत येऊ लागले. कुणी काडेपेटीत घालून दिला, कुणी पाकिटातून शटरखाली सरकवला. एकाने तर रंगवूनही टाकला होता, दोऱ्यासकट. मी आता काय करावं, ते मात्र कुणीच सांगितलं नाही. टेबलावर ते सगळे गळ्यात दोरे घालून माझ्याकडे बघत उभे होते. मी कंपनीला फोन करून नाही म्हटलं. त्या गृहस्थांना कारण हवं होतं, ते मला फोनवर नीट सांगता आलं नाही. इथे सांगतो. एकदाच घडतात आणि साचा मोडतो, अशी माणसं असतात. त्याला आपला इलाज नाही. शिपाई तसे कशाला करायचे?

तेव्हा चिटणीस, हा निरोप नव्हे. दुकान चालू राहील. पण कसं, तेही ऐका. माझ्या हातची पहिली तुकडी निघाली तिच्यात एकालाही नाक नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं. दातांच्या टोप्या करतात, धातू ओतणं त्यांना नवीन नाही. त्यांनी एकेक जण भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "काका, यांना मी कवळीसुद्धा बसवू शकत नाही. साचा थंड आहे. पहिले दोन-तीन ओतायचे ते साचा तापवायला. ते परत भांड्यात टाकायचे, वाईट वाटून घ्यायचं नाही." आता नाकं येतात. घोडे मात्र सध्या तीन पायांवर आहेत. चौथा येईपर्यंत यादीत घोडा दिसणार नाही, आणि कुणी आधी पैसे देऊ नयेत. ज्यांनी भीतीने घरी फौजा भरून ठेवल्यात त्यांनी त्या परत आणू नयेत, रंगवाव्यात. कपाट मी भरतो. मला सध्या तेवढंच काम आहे, आणि ते मला बरं वाटतं.

मंडळाने आठवण ठेवली, बोलावलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर नवशिक्याची ओतणी समजून पोटात घाला. जेवणाला थांबत नाही, राग मानू नका. एका शिक्षिकेला नगारेवाले हवे आहेत आणि तो कप्पा अजून मोकळा आहे. घरी जाईन, शर्ट बदलेन, साच्याला पावडर लावेन, भांडं चढवेन, आणि धातू वितळेपर्यंत खिडकी उघडून उभा राहीन.

येतो.