पेडलखालचा बोल्ट

मी, वय सेहेचाळीस वर्षे, धंदा ट्रकचे गिअरबॉक्स व क्लच दुरुस्ती, राहणार वर्कशॉपच्या वरचा माळा, मला सगळे गिअरवाले म्हणून ओळखतात, समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी बायकोसह राहतो. खालच्या वर्कशॉपचे दोन भाग आहेत. मागच्या भागात मी काम करतो, पुढच्या भागात माझे साडू इंजिनचे काम करतात. जागा आमच्या सासऱ्यांची आहे. त्यामुळे एकमेकांचे तोंड बघायची इच्छा नसली तरी बघावे लागते.

सासऱ्यांचा एक सहाचाकी ट्रक आहे. तो माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चालवतो. गेल्या महिन्यात साडूंनी भंगारात निघालेल्या दहाचाकी ट्रकचे इंजिन आणून त्या गाडीत बसवले. क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, सगळे मूळचेच ठेवले. मी त्याच दिवशी सर्वांसमक्ष म्हणालो की, शेळीच्या दाव्याने बैल बांधलाय, तो तोडल्याशिवाय राहायचा नाही.

त्यावर साडू म्हणाले, "कंपनी काय मोजूनमापून सामान बनवते का? प्रत्येक पार्टमध्ये जादा ताकद ठेवलेली असते. त्यावर आरामात चालेल." हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. कंपनी ताकद जादाच ठेवते. पण ती शिलकीतली ताकद सासऱ्यांनी वर्षानुवर्षे जास्तीचा माल भरून आधीच खाऊन टाकली आहे. तसे मी बोललो तेव्हा सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमचा नन्नाचा पाढा पुरे आता." साडू हसले. ते हसणे मी विसरलेलो नाही.

तुटले असते तर तुमचे काय जात होते, असे साहेबांनी विचारल्यावर सांगतो की, भरलेली गाडी चढावर खालच्या गिअरमध्ये असताना पेडल पूर्ण दाबले की सगळा जोर शाफ्टवर येतो. शाफ्ट तुटला की इंजिन नुसते ओरडते, चाकांपर्यंत काही पोचत नाही आणि गाडी मागे येऊ लागते. ब्रेक लागले तर ठीक. तुटलेला शाफ्ट गरगरत ब्रेकचा पाइप तोडून गेला तर ब्रेकही राहत नाहीत. गाडीत मेहुणा असतो. माझ्या लग्नात तो माझ्या मांडीवर झोपून गेला होता, एवढा लहान होता.

म्हणून मी कोणालाही न सांगता ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली एक बोल्ट बसवला. पेडल अर्ध्यावर थांबू लागले. इंजिन बदलल्यामुळे ते एवढेच दबते, असे मेहुण्याला वाटले. अर्ध्या जोराला मूळचे सामान पुरेल, असा माझा अंदाज होता.

त्यानंतर गाडी चढावर रडू लागली. अड्ड्यावरचे ड्रायव्हर साडूंना "नाव मोठं, लक्षण खोटं" म्हणून चिडवू लागले. साडूंनी डिझेल पंप खोलला, बसवला, इंजेक्टर बदलले, पुन्हा पंप खोलला, शेवटी पंपच बदलला. मी मागच्या भागातून सगळे बघत होतो आणि मला मजा येत होती. भांडण इंजिनाचे की तुमचे आपसातले, असे विचारल्यावर सांगतो की, त्यात आता फरक उरलेला नाही.

आज सकाळी मेहुणा केबिन झाडत होता. पायाखालची मॅट उचलल्यावर त्याला बोल्ट दिसला. साडूंनी तो काढला आणि हातात घेऊन माझ्याकडे आले. सासरे, गिऱ्हाईके, शेजारचा टायरवाला, सगळे हजर होते.

"हे कुणाचं काम?"

"माझं."

"अस्तनीतला निखारा निघालास तू. माझी अब्रू गेली, त्याचं काय?"

मी म्हणालो, "तुमची अब्रू गेली तर गेली, पोरगा तर राहिला ना!"

सासरे मध्ये पडले नाहीत. गाडी फरशीने भरून उभी होती. ते मेहुण्याला म्हणाले, "काढ गाडी. चढावर पूर्ण दाब. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष होऊ दे." मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. मेहुणा केबिनमधून म्हणाला, "भाऊजी, बाजूला व्हा ना. सगळे बघतायत." मी हललो नाही. तेव्हा साडूंनी हातातला बोल्ट मला फेकून मारला. तो डाव्या भुवईवर लागला. डोळ्यात रक्त आल्याने मी खाली बसलो, तेवढ्यात मेहुण्याने गाडी बाजूने काढून नेली. उठल्यावर मी साडूंच्या टेबलावरचा जुना पंप जमिनीवर आपटला. हे साडू त्यांच्या जबाबात सांगतीलच.

मी बायकोसह थेट ठाण्यात आलो. जखमेचे मागाहून लिहा, आधी चढाच्या पायथ्याच्या चौकीला फोन करून गाडी अडवा, अशी विनंती केली. साहेब म्हणाले, "गाडी अडवायला तक्रार लागते आणि तक्रारीला जबाब लागतो. बोला." म्हणून बोलत आहे.

वरीलप्रमाणे लिहिणे चालू असताना बायकोच्या फोनवर मेहुण्याचा फोन आला. तिने तो कानाला लावला, ऐकत राहिली, मग मला म्हणाली, "पोचला. वर पोचला तो. पूर्ण दाबलं, काही तुटलं नाही म्हणतोय." ती रडू लागली. मग माझ्याकडे पाहिले आणि फोन घेऊन बाहेर गेली.

आता तक्रार मिटवता का, असे साहेबांनी विचारले. मिटवायची नाही. एकदा तुटले नाही म्हणून सामान पुरते असे होत नाही. ते तुटणार आहे, हे मी आत्ताही सांगतो.

आणखी एक लिहून घ्यावे. फोन वाजल्यापासून ती "पोचला" म्हणेपर्यंत, शाफ्ट तुटल्याचे ऐकू यावे असे मला वाटत होते. साडू तोंडघशी पडावेत, सासऱ्यांची मान खाली जावी, एवढेच डोळ्यांसमोर होते. गाडीत मेहुणा आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही. "पोचला" ऐकून माझा चेहरा पडला, तो बायकोने पाहिला. हा काही गुन्हा होत नाही, जबाबात याची गरज नाही, असे साहेबांनी सांगितले. माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करत आहे. साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी बायकोला आवाज दिला. ती बाहेरच्या बाकावर आढळून आली नाही.