मळणी आणि दम्याचा पंप

अगं, आमच्या ओवीला दमा आहे आणि धानाची धूळ उडाली की तिची छाती भरून येते. म्हणून मळणीच्या दिवशी, कामठ्याला सासरी, मी तिला घरातच बसवलं होतं. भाजी निवडून बघते तर पोरगी गायब. पंप घेऊन मी थेट थ्रेशरच्या धुळीतून पळाले. ओवी पार पलीकडच्या बांधावर, जिथे धूळ येतच नव्हती, आजोबांजवळ बोरं खात बसलेली. धाप मात्र मला लागली होती.

"आई, खाली बस. नाकाने श्वास घे, आता चहा फुंकल्यासारखा हळूहळू सोड."

हे तिला मीच शिकवलंय.

सासरे गंभीरपणे नातीला म्हणाले, "जाय वो, मायले घरी सोडून ये. इतक्या धुळीत कायले फिरून राहिली?"