टीव्हीवरच्या बाईचा आग्रह

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पोस्टात माझ्यापुढे रांगेत एक मुलगा आणि भारतातून आलेली त्याची आई. परत पाठवायचं खोकं मुलाच्या हातात.

“आई, भाजी चिरायचं मशीन मागवलंस आणि खोकं उघडलंही नाहीस?”

“कशाला उघडू? नागपूरहून विळी आणलीय ना मी.”

“मग मागवलंस कशाला?”

“अरे, टीव्हीवरची ती बाई रोज सकाळी इतकं कळकळीनं सांगते. एवढा आग्रह केल्यावर माणसानं किती दिवस नको म्हणायचं?”

“ती ॲड आहे, आई. ती सगळ्यांनाच सांगते.”

“सांगू दे की. तिचं इंग्रजी मला कळतं. तेच तेच पुन्हा सांगते, तेही हसून. तू आणि सूनबाई एकदाच सांगता, गाडीची किल्ली शोधता शोधता.”

“बरं बाई. आणि उद्या तिनं कणीक मळायचं मशीन दाखवलं तर?”

“तिला नको म्हणणं मला नाही जमणार. तूच थांब घरी आणि सांग तिला.”

“थांबतो. उद्या घरूनच काम करतो.”

“खरंच? मग टीव्ही लावतच नाही.”