टीनाच्या गोळ्यांची पिशवी

माझी बायको शेवंता गेल्याचं डॉक्टरांनी मला तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सांगितलं. कागद तयार होईपर्यंत मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारी नवऱ्याच्या मांडीवर कापड ठेवून नातीसाठी पिशवी शिवत होती.

"चारले टीना लाकडी बैल घेऊन घरोघरी निघन. लोक बोजारा म्हनून गोळ्या देतीन, त्या काय फ्रॉकात भरन?"

"झाली का मंग?"

"झाली जी. उठा."

"उठू कसा? धोतर बी संगंच येऊन राहिलं."

"अगा माय! धोतरालेच शिवली!"

"आता मीच फिरतो टीनाच्या मागं. लोक गोळ्या माह्या मांडीवर टाकतीन."

"थांबा, उसवते. तोंडात काडी धरा. आंगावरच्या कपड्याले सुई लागली त काडी धरा लागते."

"शिवताना नाही धरली, आता कायले?"

"धरा म्हनलं नं!"

त्यांनी काडी धरली. मग म्हातारी माझ्याकडे वळली.

"भाऊ, कैची आहे का?"

"नाही."

"घरवाली असन नं संगं? बायांच्या थैलीत सापडते."

"ती आत आहे."

"झोपली असन. राहू द्या, उठवू नका."

"उँ! उँ!"

"काडी पडन, बोलू नका! अगा, बस आली. चला तसेच, बसमंदी उसवू."

म्हातारबुवा काडी दातात धरून, मांडीवरची पिशवी सावरत बसकडे धावले.

कोंढ्याला दिलेल्या आमच्या मुलीला फोन करायचा अजून राहिला होता.