चावी म्हणू नका, किल्ली म्हणा

हसू नका गं, पण 'चावी' हा शब्द कुठला यावरून माझं लिटरभर दूध जळलंय. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो तेव्हा. स्टोव्हवर दूध ठेवून मी कचरा टाकायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. लॅचचं दार ते. जादा चावी शेजारच्या मास्तरांकडे असायची. धावत गेले.

"मास्तर, चावी द्या लवकर."

"काकू, चावी पोर्तुगीजांची. आपण किल्ली म्हणावं."

"अहो, दूध उतू जातंय."

तेवढ्यात समोरची जसुबेन आली. "पोर्तुगीज कसली? चावी तो अमारी गुजराती छे."

मास्तर तडक आत गेले. मला वाटलं, चावी आणायला. माणूस शब्दकोश घेऊन आला, आणि पानं चाळत बसला. दूध जळल्याचा वास चाळभर.

दोन दिवस पातेलं घासलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर संडासात गेले, मी बाहेरून कडी घातली.

"काकू, उघडा, शाळेची वेळ झाली."

"उघडते की. आधी सांगा, कडी कुठल्या भाषेतली? शब्दकोश हवा तर फटीतून सरकवते."